मेनस्टेजमध्ये बटणावर साऊंड बदलणं: वापरून झाल्यावरचं मत

लाइव्ह कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी लिहितोय. मुखड्याला पियानो, मधल्या म्युझिकला स्ट्रिंग्स, अंतऱ्याला पॅड (मागे लांब वाजत राहणारा मऊ साऊंड), आणि हे सगळं दोन बारच्या गॅपमध्ये बदलायचं, तेव्हा लॅपटॉपच्या माऊसपर्यंत हात नेणं म्हणजे हमखास पहिला सूर हुकणार. म्हणून अ‍ॅपलचं मेनस्टेज घेतलं, म्हणजे लॅपटॉपमधले साऊंड कीबोर्डवरून लाइव्ह वाजवायचं सॉफ्टवेअर. फक्त मॅकवर चालतं हे आधीच सांगतो, विंडोजवाल्यांनी इथंच थांबा.

2007 पासून हे सॉफ्टवेअर आहे आणि ते मुळात स्टेजसाठीच बनलंय, ते वापरताना जाणवतं. कॉन्सर्टमध्ये (म्हणजे पूर्ण कार्यक्रमाच्या फाइलमध्ये) सेट, सेटमध्ये पॅच अशी रचना असते, म्हणजे गाण्याला एक सेट आणि गाण्यातल्या प्रत्येक साऊंडला एक पॅच असं लावलं की कार्यक्रमाचा क्रमच समोर दिसतो. बटण जोडायचं काम दोन ठिकाणी होतं आणि नवीन माणूस इथंच गोंधळतो. आधी लेआऊट मोडमध्ये स्क्रीनवर एक बटण ठेवायचं आणि कंट्रोलरचं (म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डचं) खरं बटण दाबून ते ओळखवून द्यायचं, मग एडिट मोडमध्ये येऊन त्या बटणाला अ‍ॅक्शन्समधलं नेक्स्ट पॅच मॅप करायचं. दुसऱ्याला प्रीव्हियस पॅच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मॅपिंग करताना डावीकडच्या यादीत सगळ्यात वरची कॉन्सर्टची ओळ निवडलेली पाहिजे. मी पहिल्यांदा पहिल्याच पॅचवर मॅप केलं होतं, बटण दाबलं, पियानोवरून स्ट्रिंग्सवर गेलो, छान वाटलं, पुन्हा दाबलं तर काहीच नाही. कारण ते मॅपिंग त्या एका पॅचपुरतंच होतं आणि दुसऱ्या पॅचला त्याचा पत्ताच नव्हता. अर्धा दिवस मी केबल बदलत बसलो. वरच्या ओळीवर केलं की सगळ्या पॅचना लागू होतं.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, कंट्रोलरच्या सेटिंगची. काही बटणं टॉगल असतात, पहिल्यांदा दाबलं की 127 हा आकडा (म्हणजे चालू) जातो, दुसऱ्यांदा दाबलं की 0 (म्हणजे बंद), त्यामुळे एकाआड एक दाबणं वाया जातं. कंट्रोलरमध्ये ते मोमेंटरी (दाबलं तेवढ्यापुरतंच चालू) करून टाका, आणि दाबल्यावर व सोडल्यावर दोनदा उडी मारत असेल तर मेनस्टेजमध्ये त्या बटणाचं सेटिंग फक्त दाबण्यापुरतं ठेवा.

थेट एखाद्या पॅचवर उडी मारायची असेल, म्हणजे गायकाने अचानक क्रम बदलला तर, प्रोग्राम चेंज, म्हणजे नंबर पाठवून पॅच निवडायची सोय, वापरा. 0 ते 127 असे नंबर असतात, पॅचला नंबर द्यायचा आणि बटणावरून तोच पाठवायचा. फक्त कीबोर्डच्या डिस्प्लेवर मोजणी 1 पासून असेल तर शेजारचा पॅच लागतो, तेवढं जुळवून घ्या.

आणि ज्यासाठी मी याच्या प्रेमात पडलो ते म्हणजे कॉर्ड धरून ठेवून बटण दाबलं तरी धरलेले सूर जुन्याच साऊंडमध्ये वाजत राहतात आणि नवीन दाबलेली पट्टी नव्या साऊंडमध्ये येते. तुटल्यासारखं अजिबात वाटत नाही. स्ट्रिंग्सचा लांब कॉर्ड डाव्या हातात धरून उजव्या हाताने लीडवर (मुख्य सुरावटीच्या साऊंडवर) जाता येतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोच भाग परत परत वाजवत राहिलो. पॅच आधीच मेमरीत लोड केलेले असतात म्हणून बदल पटकन होतो, पण त्यामुळेच मोठी सॅम्पल लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संग्रह) भरली की फाइल उघडायला वेळ लागतो आणि रॅम चांगली लागते. साऊंडचेकच्या बऱ्याच आधी उघडून ठेवत जा.

मॅक आधीपासून असेल तर नक्की घ्या. सुरुवातीला दोनच बटणं लावा, पुढे आणि मागे, आणि ती अशी निवडा की अंधारात न बघता बोट पडेल, मी माझी अगदी डाव्या टोकाची घेतलीत, पिच व्हीलच्या वर.