मू. जे., झेवियर्स की लवासाचं क्राइस्ट? खान्देशातल्या पालकांसाठी तुलना

'फादरांचं कॉलेज म्हणजे शिस्त आणि इंग्रजी,' एवढ्यावरच आपल्याकडे बऱ्याच घरांत प्रवेशाचा निर्णय होतो. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलांच्या घरी तर जास्तच. पण खान्देशातून जी दोन कॅथलिक नावं हल्ली वारंवार विचारली जातात, मुंबईचं सेंट झेवियर्स आणि लवासाचं क्राइस्ट, त्या दोघांत साम्य थोडं आणि फरक फार आहे. शिवाय जळगावातच मू. जे., म्हणजे मूळजी जेठा महाविद्यालय आहे, हे आपण प्रवेशाच्या गडबडीत विसरतो.

आधी कोण काय आहे ते पाहू. झेवियर्स हे विद्यापीठ नव्हे. १८६९ साली जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी काढलेलं ते कॉलेज २०१० पासून स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं. पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते. क्राइस्ट मूळचं बंगळूरचं, १९६९ चं. केरळात १८३१ साली सुरू झालेल्या सीएमआय या कॅथलिक संघाचं. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःच पदवी देण्याचा, दर्जा मिळाला आणि लवासा हा त्याचा मुळशीच्या डोंगरातला छोटा कॅम्पस. तिथे भर आहे तो व्यवस्थापन, कायदा, डेटा सायन्स अशा विषयांवर. कुणाला वनस्पतिशास्त्रात किंवा प्राचीन इतिहासात रस असेल तर त्याने लवासाचा विचार इथेच सोडावा आणि झेवियर्सकडे पाहावं. ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आणि फादर हेरास यांनी उभी केलेली इतिहास संशोधन संस्था त्याच आवारात आहेत. पदवीच्या पोराला अशा जागेत नुसतं वावरायला मिळणं हेसुद्धा शिक्षणच. मू. जे. १९४५ चं, आता तेही स्वायत्त, आणि पदवी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची.

पैशांचं गणित मात्र नीट बसून करायला हवं, कारण खरा फरक तिथे पडतो. झेवियर्सचे कला आणि विज्ञान शाखांतले जुने अभ्यासक्रम अनुदानित आहेत, म्हणून मुंबईत असूनही कॉलेजची फी आवाक्यातली; घाम फुटतो तो राहण्या-जेवणाच्या खर्चाने. लवासात उलट. राहायची सोय कॅम्पसवर लागते, पण फीच वर्षाला लाखाच्या पुढे जाते. आता यात एक गोष्ट धरा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे शासनाच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या लेवा, गुजर घरातल्या मुलीने फेरीतून जळगावात बीबीए घेतलं तर शिकवणीचा खर्च जवळपास शून्य, आणि लवासाला घेतलं तर शेतीचं दोन-तीन हंगामांचं उत्पन्न तिकडे. केळीला भाव कधी मिळेल याचा भरवसा नसताना असा हप्ता डोक्यावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जाशिवाय जमत असेल तरच लवासा.

आरक्षणाबद्दलही गैरसमज आहे. राज्यघटनेच्या कलम १५(५) नुसार अल्पसंख्याक, म्हणजे ख्रिस्तींसारख्या समाजांच्या, संस्थांना प्रवेशातलं आरक्षण बंधनकारक नाही. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडची मुलं जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र घेऊन निघतात. त्यांनी अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तकात आपल्या प्रवर्गासाठी जागा ठेवल्यात का ते वाचावं. शिष्यवृत्तीचंही तसंच: महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची आपली योजना त्या संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयातून लेखी घ्या. 'होऊन जाईल' या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मग आजी हमखास विचारते तो प्रश्न: 'पोराला तिकडे बाटवणार तर नाहीत ना?' नवापूरकडच्या लोकांना चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल माहीत असतं, म्हणून ते सगळ्या ख्रिस्ती संस्था एकच समजतात. ते हॉस्पिटल प्रोटेस्टंट परंपरेतलं. जेझुइट आणि सीएमआय कॅथलिक, आणि या दोघांतही स्वभावाचा फरक आहे. राहिला धर्माचा मुद्दा. सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे घटनेच्या कलम २८(३) मध्ये आहे. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. कॅम्पसवर चॅपल असतं, नाताळ जोरात होतो, मूल्यशिक्षणाचा तास असतो. झेवियर्समध्ये साठ तासांचं समाजकार्य अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि मला विचाराल तर आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजने ते उचलावं. तक्रार झालीच तर पोळ्याच्या आणि कानबाईच्या रोटांच्या सुट्टीची होईल. ती मुंबई-लवासात कुणाला ठाऊकही नसते.

कॅम्पसवरच्या दिवसाचं बोलायचं तर लहान संस्थेत तुम्हाला ओळखतात. हेच तिथलं सुख आणि हाच जाच. क्राइस्टमध्ये पंच्याऐंशी टक्के हजेरी लागते, पोशाखाचे नियम आहेत, आणि शंभर-दीडशेच्या वर्गात मागच्या बाकावर दडून काढायची सवय असलेल्या पोराला पहिले काही महिने जड जातात. ज्याला रोज कुणीतरी हाकलावं लागतं त्याला हे मानवतं. जो आधीपासून स्वतःचं वाचतो, नाटक करतो, गावातल्या मंडळात रमतो, त्याचा जीव घुसमटू शकतो. लवासाच्या भोवतालचं शहरही अर्धवट राहिलेलं आहे. ते उभारणारी कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कॅम्पसबाहेर पडून 'चक्कर मारून येतो' म्हणावं असं फारसं काही नाही. पावसाळा तर बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत वाढलेल्या मुलांना चकित करणारा.

झेवियर्सची गोष्ट निराळी. दगडी इमारत, बाहेर आझाद मैदान, आणि ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांनीच चालवलेला 'मल्हार' महोत्सव. इंग्रजीचं दडपण येतं, पण तिथलं मराठी वाङ्मय मंडळ जागतं आहे आणि त्याचा 'आमोद' महोत्सव मराठी मुलांना हक्काची जागा देतो. तावडी किंवा अहिराणी वळणाची मराठी बोलायला लाजणाऱ्याने आधी तिकडे जावं. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' हा युवक महोत्सवही कमी नाही. तिथे स्टेज लवकर मिळतं, मुंबईत रांग मोठी. विद्यापीठाचा गिरणेकाठचा डोंगराळ परिसर तर पदव्युत्तरसाठी राहण्याजोगा आहे, फक्त पदवीच्या मुलांच्या वाट्याला तो फारसा येत नाही.

जेवणाचं थोडक्यात: शेवभाजी आणि कळण्याची भाकरी तिन्हीकडे घरूनच, मेसमध्ये नाही.

प्रवासात झेवियर्स सरळ जिंकतं. रात्री जळगावहून विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेसने निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून कॉलेज पायी. नंदुरबारकरांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वे. लवासाला आधी पुणे आणि मग साठेक किलोमीटर घाटरस्ता. मुलींच्या पालकांनी मुंबईत वसतिगृहाची जागा हातात आल्याशिवाय फी भरू नये.

माझा क्रम असा: झेवियर्सला अनुदानित जागा आणि राहायची सोय दोन्ही मिळत असेल तर डोळे झाकून जा. नाही तर मू. जे. किंवा धुळे-अमळनेरचं चांगलं कॉलेज, आणि पदव्युत्तरला बाहेर. लवासा तिसरं, मात्र डेटा सायन्स किंवा कायदा हेच नक्की असेल आणि घरची शिल्लक तेवढी असेल तर पहिलंही.

आणि घाईत कुठेही पैसे भरलेत तरी हातपाय गाळू नका. प्रवेश रद्द केल्यावर फी परत देण्याच्या तारखा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) जाहीर करते, त्या अभिमत विद्यापीठांनाही लागू असतात. मूळ कागदपत्रं ठेवून घेण्याचा अधिकार कुठल्याच संस्थेला नाही. पडताळणी झाली की गुणपत्रिका आणि दाखला तिथल्या तिथे परत मागा आणि पावती फाइलला लावा.