ओपीकेजी: राऊटरमधली उघडी वही

गावातल्या अभ्यासिकेचं नेट मी सांभाळतो. राऊटर टीपी-लिंक आर्चर सी७, दुसरी आवृत्ती: १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी २४.१० (राऊटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली) टाकलंय आणि पॅकेजं, म्हणजे जोडीची सॉफ्टवेअरं, बसवायला त्यातलंच ओपीकेजी हे साधन वापरतो.

मला ते आवडतं कारण ते काही लपवत नाही. /यूएसआर/लिब/ओपीकेजी/स्टेटस ही साधी टेक्स्ट फाइल. कुठलं पॅकेज, कुठली आवृत्ती, कधी बसवलं, सगळं त्यात वाचता येतं. आपण मागवलेल्या पॅकेजच्या सोबत जे आपोआप आलं, त्याच्यापुढे ‘ऑटो-इन्स्टॉल्ड: येस’ अशी ओळ असते. ग्रेप आणि ऑक (मजकुरातून हवं ते शोधणाऱ्या कमांडी) येत असेल तर स्वतःचं हत्यार घडवायला दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. माझी स्क्रिप्ट ओव्हरलेच्या, म्हणजे राऊटरच्या लिहिता येणाऱ्या भागाच्या, अप्पर फोल्डरमधल्या डॉट कंट्रोल फाइली (पॅकेजची माहिती असलेल्या) बघते. इमेजसोबत, म्हणजे मूळ फर्मवेअरसोबत, आलेली पॅकेजं रॉममध्ये असतात, त्यामुळे इथे जे दिसतं ते मी नंतर घातलेलं. त्यातून आपोआप आलेली वगळली की उरतात एसक्यूएम-स्क्रिप्ट्स (नेटवरची गर्दी आवरणारं), बॅनआयपी (नको ते आयपी पत्ते अडवणारं) आणि आणखी चार नावं. फर्मवेअर बदलताना सेटिंग राहतात, पॅकेजं जातात. तेव्हा हीच यादी उपयोगी पडते. सिसअपग्रेडला (फर्मवेअर बदलणाऱ्या कमांडला) ‘-के’ दिलं तर बॅकअपमध्ये तशी यादी तेही ठेवतं, हे नवख्यांनी जरूर वापरावं.

आता सावधगिरीचं. सगळी पॅकेजं एका दमात अपग्रेड करणारी एका ओळीची कमांड मी एकदा चालवली. मूळ इमेज दाबून बसवलेली आणि फक्त वाचण्यापुरती असते. नवी आवृत्ती तिच्यावर ओव्हरलेत बसते, जुनी खाली तशीच राहते. ओव्हरले भरला, मधेच काम थांबलं, आणि रात्री साडेनऊला मुलं अभ्यासाला बसलेली असताना मला राऊटर फेलसेफमध्ये (बिघाडाच्या वेळी वापरायच्या किमान अवस्थेत) नेऊन सगळं पुसावं लागलं. त्याच कारणाने इमेजमधलं पॅकेज काढून जागाही वाढत नाही. नवी इमेज टाकणं हाच सरळ मार्ग.

‘अननोन पॅकेज’ दिसलं तरी घाबरू नका. पॅकेजांची यादी रॅममध्ये उतरते. आमच्याकडे वीज गेली की राऊटर बंद, यादी गायब. आधी ओपीकेजी अपडेट, मग इन्स्टॉल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या विकासशाखेत ओपीकेजीच्या जागी अल्पाइन लिनक्सवालं एपीके हे पॅकेज-साधन आलं. घरच्या सुट्या राऊटरवर मी ते बघितलं. मागवलेल्या पॅकेजांची नावं /ईटीसी/एपीके/वर्ल्ड फाइलीत एकाखाली एक मिळतात, माझ्या स्क्रिप्टचं निम्मं काम तिथेच होतं. हे मला मनापासून पटलं. अभ्यासिकेचा राऊटर मात्र पूर्वपरीक्षा होईपर्यंत २४.१० वरच राहील. मुलांच्या ऑनलाइन चाचण्या सुरू आहेत.