काचेला सिलिकॉन, दरवाजांना नवे रबर, तरी गाडीत पाणी: गळतीच्या नावाखाली होणारी फसवणूक

पाऊस पडून गेला की ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट ओली. गाडी दोन दिवस बंद राहिली की आत कुबट वास, आणि सकाळी काचांवर आतल्या बाजूने दव. सनरूफ असलेल्या एका जुन्या सेडानचं हे दुखणं घेऊन तिचा मालक गॅरेजमध्ये गेला आणि त्यानंतर दर पावसाला पैसे मोजत राहिला. त्या गाडीवर काय काय केलं गेलं ते क्रमाने देतो आहोत, कारण जुन्या गाडीत पाणी येतंय म्हटलं की हेच उपाय याच क्रमाने गळ्यात मारले जातात.

सुरुवात पुढच्या काचेपासून झाली. "काचेचं सीलिंग गेलंय" असं सांगून काचेच्या कडेने पारदर्शक सिलिकॉन फिरवलं. कार्पेट उचललं नाही, पाणी मारून पाहिलं नाही. चिकटवलेल्या काचेभोवती बाहेरून जी काळी पट्टी दिसते ती बहुतेक गाड्यांत नुसती शोभेची असते. पाणी अडवतो तो तिच्या आत असलेला, काच आणि पत्रा यांना धरून ठेवणारा युरेथेनचा थर. पट्टीवरून सिलिकॉन फिरवलं तर ते त्या थरापर्यंत पोचतच नाही. उलट पट्टीखाली शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते कडेच्या पत्र्यावर साचून राहतं. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्यातून ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. पुढे कधी खरोखर काच काढून बसवायची वेळ आली की सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नवं युरेथेन धरत नाही, म्हणून सगळं खरवडून साफ करावं लागतं. पाऊस नसलेल्या आठवड्यात गाडी कोरडी राहिली आणि काम झालं असं मालकाला वाटलं, इतकाच या उपायाचा गुण.

पुढच्या पावसात मॅट पुन्हा ओली झाली. या वेळी मालकाला समोर उभं करून वॉशिंगचा प्रेशर पंप थेट दरवाजाच्या कोपऱ्यावर धरला. आत थेंब आले, "बघा, रबर गेलेत" म्हणून चारही दरवाजांचे रबर बदलले. या प्रात्यक्षिकाला आम्ही सरळ लबाडी म्हणतो. दरवाजाचं रबर पावसाचं आणि धावत्या गाडीवर उडणारं पाणी अडवण्यासाठी बनवलेलं असतं. वीतभर अंतरावरून प्रेशर पंपाची धार मारली तर नव्या गाडीच्या रबरातूनही पाणी आत ढकललं जाऊ शकतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रबर खरंच दबलंय का हे पाहायचं असेल तर त्यावर खडू घासावा, दरवाजा नेहमीसारखा लावून उघडावा आणि समोरच्या पत्र्यावर उमटलेली रेघ पाहावी. रेघ जिथे तुटते तिथे रबर टेकत नाही. बरेचदा तेवढ्याच जागी रबर पत्र्याच्या कडेवरून सुटलेलं असतं किंवा दरवाजा बिजागरीत खाली बसलेला असतो. मग सेट बदलायची गरजच राहत नाही.

तिसऱ्या वेळी "खालून फ्लोअर सडलाय" असं सांगून गाडी रॅम्पवर घेतली आणि तळाला काळं रबरी कोटिंग फवारलं. सगळ्यात जास्त नुकसान या कामाने केलं. दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांना, म्हणजे सिलला, तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. दरवाजांच्या खालच्या कडेलाही असतात. घाईने फवारलेल्या कोटिंगने ती बुजतात. मग आत शिरलेलं पाणी आतच राहतं आणि सिल आतून सडत जातो. बाहेरून पत्रा नवा दिसतो, म्हणून गंज फुटून बाहेर येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. असं कोटिंग आपल्या गाडीवर झालं असेल तर प्लास्टिकच्या बारीक काडीने किंवा टूथपिकने प्रत्येक छिद्र मोकळं करून घ्यावं. सिलमधून पाण्याची धार लागली तर कितीही उशीर झालेला असो, ते निघालेलं बरंच.

शेवटी सेंट्रल लॉकिंग मनाला येईल तेव्हा चालू-बंद व्हायला लागलं आणि "मॉड्यूल उडालं, नवं टाकावं लागेल" असा निरोप आला. अनेक गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लॉकिंगसारख्या गोष्टी चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणि वायरिंगचे मोठे कनेक्टर सीटखाली किंवा कार्पेटखाली असतात. या गाडीत मॉड्यूल ठीक होतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. तो साफ करून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून बसवल्यावर लॉकिंग सुरळीत झालं. आणि मॉड्यूल खरंच गेलेलं असतं तरी पाणी थांबवण्याआधी नवं टाकणं म्हणजे तेही भिजवायला ठेवणं.

पाणी येत होतं ते सनरूफच्या ट्रेमधून, म्हणजे काचेखालच्या पन्हळीतून. सनरूफच्या काचेचं रबर पाणी पूर्णपणे अडवेल अशी अपेक्षाच नसते. थोडं पाणी खालच्या पन्हळीत उतरतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीबाहेर जातं. पुढच्या नळ्या काचेशेजारच्या खांबांतून खाली येतात, मागच्या असतील तर त्या मागच्या खांबांतून. या गाडीत पुढची एक नळी खालच्या टोकाला माती आणि कुजलेल्या पानांच्या लगद्याने बुजली होती. पन्हळ भरून पाणी छताच्या कापडामागून खांबात, तिथून डॅशबोर्डमागे आणि शेवटी कार्पेटखाली उतरत होतं. नळी मोकळी केली आणि गळती बंद झाली. एकही पार्ट लागला नाही.

ही नळी तपासणं घरी जमतं. गाडी सपाट जागी उभी करून सनरूफ उघडावं, पन्हळीच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओतावं. काही सेकंदांत ते गाडीखाली, मॉडेलप्रमाणे पुढच्या चाकामागे किंवा दरवाजाच्या बिजागरीजवळ, पडायला हवं. साचून राहिलं तर नळी बुजली आहे. कोपऱ्यातून पाणी पटकन गेलं पण खाली आलंच नाही, तर नळी मध्येच निसटली किंवा फाटली आहे, लगेच थांबावं. साफ करायला गवत कापायच्या मशीनची साधारण २ मिमी जाडीची नायलॉन दोरी चांगली. तिचं टोक किंचित वितळवून गोल करून घ्यावं म्हणजे नळीला भोक पडत नाही. वळणावर अडली तर जोर न लावता फिरवून पाहावी. खालचं टोक हाताशी येत असेल तर पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने खालून ओढणं आणखी सुरक्षित. कॉम्प्रेसरची हवा मात्र कुणालाही मारू देऊ नये. नळी ट्रेच्या तोंडावरून निसटू शकते आणि मग ती परत बसवायला छताचं कापड उतरवावं लागतं. खांबात पडदा-एअरबॅग असू शकते, तेव्हा तिथलं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, बॅटरी सोडवून आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबूनच काढावं. तारा खुपसून पाहणं तर अजिबात नको.

या गाडीत सनरूफ निघालं, दुसऱ्या गाडीत दुसरं काही निघेल. म्हणून हाती सीलंट घेण्याआधी पाणी कोणत्या वाटेने येतं ते डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. ते शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. वायरिंगवरून, पत्र्याच्या घडीतून घरंगळत ते सगळ्यात खोल जागी साचतं. फसवणूक सोपी होते ती यामुळेच, कारण ओल्या मॅटजवळचा कुठलाही जुना पार्ट गुन्हेगार म्हणून दाखवता येतो.

आधी पाणी कधी येतं ते पाहावं. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर मॅट ओली होत असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल, तर कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर नेणारा पाइप बुजलेला असतो. दमट हवेत एसी चालू ठेवला की काही वेळाने गाडीखाली पाणी ठिबकायला हवं. ठिबकत नसेल तर तोच पाइप खालून साफ करावा. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं पाणी आणि काचेवर आतून तेलकट थर, शिवाय कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी होत असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे. पांढरा टिश्यू दाबून रंग पाहिला की फरक कळतो. कूलंट विषारी असतं, मुलं आणि जनावरं त्यापासून लांब ठेवावीत. ही साधी परीक्षा न करता "हीटर कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल" म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नये. डॅशबोर्ड खोलणं हे गॅरेजच्या सगळ्यात महागड्या मजुरीच्या कामांपैकी एक आहे, आणि एसीचा पाइप मोकळा करायला त्याची गरज नसते.

पावसाचंच पाणी असेल तर कार्पेट उचलून पत्रा कोरडा करावा, जिथून ओघळ येईल असं वाटतं तिथे टाल्कम पावडर भुरभुरावी किंवा टिश्यू चिकटवावेत. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. पाण्याच्या पाइपला नोझल न लावता संथ पाणी सोडायचं, सुरुवात खालून. आधी सिलची पातळी, मग दरवाजा, मग काचेची खालची कड, वायपरखालची जाळी, आणि छत शेवटी. प्रत्येक भागावर पाच ते दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जागा ओल्या करत खाली येतं आणि काहीच कळत नाही. दोन मिनिटं पाणी मारून "बघा, कोरडी" म्हणणाराही तितकाच खोटा. पन्हळ भरून वाहायला वेळ लागतो.

वायपरखालच्या जाळीकडे विशेष लक्ष द्यावं. तिच्या आत पानं साचून पाण्याची वाट बुजली की पाणी ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या, तोंडातून आत येतं. एसीचा फिल्टर भिजलेला निघाला तर संशय इथेच घ्यावा. जाळी काढून हाताने पानं उपसली की बहुतेक वेळा काम संपतं.

दरवाजाची गोष्ट वेगळी. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून पाणी दरवाजाच्या पोटात उतरतंच, ते खालच्या छिद्रांतून जातं. डोअर पॅडमागे, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणामागे, प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा ब्यूटिल या चिकट रबरी पदार्थाने चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनकडे येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करणारी यंत्रणा दुरुस्त करताना हा पडदा फाडला जातो, मग नुसता दाबून किंवा साध्या टेपने चिकटवून पॅड लावलं जातं. काही महिन्यांनी तो सुटतो. पॅडची खालची कड फुगलेली आणि डागाळलेली दिसते, सिलवर रबराच्या आतल्या बाजूला ओल असते. अशा गाडीला नवं रबर विकणं ही उघड फसवणूक, कारण पाणी रबराजवळून येतच नाही. पडदा अखंड करून कडेने नव्या ब्यूटिलची सलग दोरी द्यावी, तळाशी तर मुळीच खंड नको.

डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गास्केट, तिसऱ्या ब्रेक लाइटचं गास्केट, अँटेनाचा तळ आणि बंपरमागचे हवा बाहेर सोडणारे रबरी पडदे पाहावेत. डिकीचं रबर सगळ्यात शेवटी.

आणखी एक चाल: फ्लोअरमधला रबरी बूच काढून ठेवायचा, म्हणजे पाणी आपोआप निघून जातं आणि ग्राहकाला गाडी कोरडी वाटते. त्या भोकातून धूळ, चाकांचं पाणी आणि सायलेन्सर गळका असेल तर धूरही आत येतो. गाडी परत घेताना सगळे बूच जागेवर आहेत ना, ते खालून पाहावं.

गॅरेजशी बोलताना गळती शोधायचं काम आणि ती बुजवायचं काम वेगळं लिहून घ्यावं. शोधायच्या कामाची मजुरी आनंदाने द्यावी, त्यात खरंच तास जातात. पाणी शिरताना दिसेल असा व्हिडिओ आणि जागेचं नाव बिलावर मागावं. "सीलिंग केलं" एवढीच ओळ असलेलं बिल घेऊ नये. काढलेले जुने पार्ट परत मागावेत. चाचणी ट्रिम आणि कार्पेट काढलेलं असताना, आपल्यासमोर पुन्हा व्हावी, मगच ते परत बसवायला सांगावं.

कार्पेट वाळवण्यातही लबाडी होते. वरून हेअर ड्रायर फिरवून, सेंट मारून गाडी दिली जाते. कार्पेटखालचा फोम जाड असतो, तो कित्येक लिटर पाणी धरतो आणि वरचा भाग कोरडा असताना तळाशी चिंब राहतो. टिश्यूची घडी ठेवून त्यावर टाच रोवून उभं राहावं. टिश्यू ओला झाला तर फोम ओला आहे. तो व्हॅक्यूमने ओढून, शक्यतो गाडीबाहेर काढून, पंख्याखाली दोन्ही बाजूंनी वाळवावा. सीट काढावी लागली तर बॅटरी आधी सोडवावी, सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. उघड्या पत्र्यावर गंज दिसला तर तारेच्या ब्रशने घासून प्रायमर द्यावा. फोम हाताला कोरडा लागल्यावरही दोन दिवसांनी टिश्यू पुन्हा दाबून पाहावा आणि मगच सिलवरच्या आवरणाच्या पट्ट्या बसवाव्यात.