९६ कोरचा सर्व्हर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या टीमने ३२ कोरचा जुना सर्व्हर बदलून एएमडीच्या एपिक ९६५४ प्रोसेसरचा सर्व्हर घेतला. ९६ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), १९२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे). कोर तिप्पट, तर कामही तिप्पट वेगाने उरकेल असं मी धरून चालले होते. कंपाइल करताना, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करताना, ते बरंचसं खरं ठरलं, कारण तिथे प्रत्येक फाइलचं काम सुटं असतं. आमच्या लॉग तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा वेग मात्र ३२ थ्रेडपर्यंत वाढला, पुढे अडला आणि ९६वर चक्क घसरला.

दोन दिवस मी लॉक, म्हणजे थ्रेडना एकमेकांसाठी थांबायला लावणारं कुलूप, शोधत बसले. लॉक नव्हताच. प्रत्येक थ्रेड आपण किती ओळी वाचल्या ते मोजायचा आणि हे सगळे आकडे एकाच ॲरेत, म्हणजे मेमरीतल्या सलग यादीत, शेजारी शेजारी होते. आकडा ८ बाइटचा, कॅश लाइन (कोरजवळच्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, एका वेळी येणारा तुकडा) ६४ बाइटची. म्हणजे एका लाइनमध्ये आठ थ्रेडचे आकडे. एकाने आपला आकडा वाढवला की बाकीच्या सात जणांकडची प्रत बाद! त्यात या प्रोसेसरमध्ये ८-८ कोरची १२ चिपलेट (सिलिकॉनचे वेगवेगळे लहान तुकडे) आहेत आणि प्रत्येकाची ३२ एमबी एल३ कॅश (त्यातल्या कोरची सामायिक कॅश) वेगळी. ती लाइन दुसऱ्या चिपलेटकडे जायची तर मधल्या आय/ओ डायवरून, म्हणजे चिपलेटना जोडणाऱ्या तुकड्यावरून, फेरा पडतो. प्रत्येक आकड्याला स्वतःची ६४ बाइट जागा दिली आणि आलेख पुन्हा वर चढला.

तेव्हापासून मी याच्याकडे ८ कोरची १२ यंत्रं म्हणूनच बघते. एकमेकांशी सतत देवाणघेवाण करणारे थ्रेड एकाच चिपलेटवर बांधते. चिपलेटची ही रचना मला मनापासून पटते. सगळे कोर एकाच मोठ्या सिलिकॉनवर घेतले, तर एखाद्या दोषापायी मोठा तुकडा वाया जाण्याची भीती. लहान तुकडे परवडतात, पण त्यांच्यातलं अंतर वेळ खातं. २०१७च्या पहिल्या एपिकमध्ये मेमरीसुद्धा चार डायमध्ये वाटलेली होती. २०१९पासून ती मधल्या आय/ओ डायकडे आली, हा मोठा दिलासा.

विजेचं सांगायचं तर टीडीपी, म्हणजे कूलिंगने हाताळायची ठरलेली उष्णता, ३६० वॅट आहे, त्यामुळे कूलिंगमध्ये काटकसर नको.

मेमरीत मात्र आम्ही काटकसर केली. डीडीआर५-४८०० या प्रकारच्या मेमरीचे बाराही चॅनल (प्रोसेसरपर्यंतचे मार्ग) भरले तर कागदावर सेकंदाला ४६० जीबी मिळतात, म्हणजे कोरमागे जेमतेम ४.८. आम्ही सहाच भरले होते. चौथ्या महिन्यात उरलेले सहा भरले आणि मोठे टेबल स्कॅन (डेटाबेसमधला अख्खा तक्ता वाचून काढणं) त्याच दिवशी सुटसुटीत धावू लागले.