एंग्लागोर्ड: आधी ‘हिब्रिस’ ऐकावा की ‘एपिलोग’?

स्वीडनच्या एंग्लागोर्ड या प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) बँडचं नाव आपल्या सांगलीत फारसं कुणाच्या कानावर नाही, याची मला मनापासून खंत वाटते. तासभराचा ख्याल मन लावून ऐकणाऱ्या सांगली-मिरजेच्या रसिकांना हे संगीत मुळीच जड जाणार नाही.

‘हिब्रिस’ हा त्यांचा अल्बम १९९२चा. चारच रचना, त्यातली ‘कुंग बोरे’ तर १३ मिनिटांची. इथे मेलोट्रॉनची खरी जादू कळते. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीला खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाची एक टेप जोडलेली असते. ती आठेक सेकंदांत संपते आणि सूर किंचित थरथरतो. त्यावर ॲना होल्मग्रेनची बासरी आली की अंगावर काटा येतो. गायन स्वीडिशमध्ये आहे, पण शब्द कळले नाहीत म्हणून काही अडत नाही.

१९९४च्या ‘एपिलोग’मध्ये गायन नाहीच. हळुवार जागा इतक्या हळू की एसटीत हेडफोन लावून त्या ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवावा, तर मत्तियास ओल्सनचे ड्रम्स कानावर आदळतात. तो रात्री, घरी, स्पीकरवरच ऐकावा.

नव्या माणसाला मी ‘हिब्रिस’च देईन, त्यातल्या चाली लवकर ओठांवर येतात. मला स्वतःला मात्र ‘एपिलोग’ जास्त प्रिय आहे. त्यात घाई कुठेच नाही, आलापीची सवय असलेल्याला ते लगेच जाणवेल. त्यानंतर बँड फुटला. पुढचा स्टुडिओ अल्बम यायला २०१२ उजाडलं.