नौपाड्यातील लॅब : नमुना चोख, अहवाल अपुरा

ठाण्यात नौपाड्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये धाकट्या बहिणीच्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवू शकणाऱ्या प्रतिपिंडांच्या) चाचण्या करून घेतल्या. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला निघाल्यामुळे डॉक्टरांनी ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या अँटिबॉडी शोधणाऱ्या तिन्ही चाचण्या लिहून दिल्या होत्या. नुकताच तिला विषाणूजन्य तापही येऊन गेला होता.

नमुना घेण्याचे काम वाखाणण्याजोगे होते. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हेपरिन चालू आहे का, हे तंत्रज्ञ ताईंनी सुई टोचण्यापूर्वीच विचारले, कारण या औषधांमुळे ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल फसवा येऊ शकतो. निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी त्यांनी बरोबर खुणेपर्यंत भरली. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडले, की रक्त गोठण्याची मोजलेली वेळच चुकते. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) दोनदा सेंट्रिफ्यूज करता का, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून उरलेल्या पेशी काढता का, या प्रश्नालाही काउंटरवर आत विचारून नीट उत्तर मिळाले, जे सहसा मिळत नाही.

तापाविषयी मात्र कोणीही विचारले नाही. अहवालात ल्युपस अँटिकोॲग्युलंट आणि अँटिकार्डिओलिपिन आयजीएम (अँटिबॉडीचा एक प्रकार) दोन्ही जेमतेम पॉझिटिव्ह, तिसरी चाचणी निगेटिव्ह, आणि खाली टिपणीची जागा कोरी. सिफिलिस, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही अशा अनेक संसर्गांत या अँटिबॉडी आढळतात, काही संसर्गांत तर तात्पुरत्याच. त्यांतील बऱ्याचशा बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनाच्या मदतीशिवाय थेट कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाला चिकटतात, तर गुठळ्यांचा धोका प्रामुख्याने त्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडींशी निगडित असतो. शिवाय सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेले असताना एपीटीटीवर आधारलेली चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या गुठळ्यांच्या विकाराच्या सिडनी निकषांनुसार किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आल्याखेरीज तो निकाल निदानासाठी ग्राह्य धरत नाहीत. (संसर्गातली अँटिबॉडी नेहमीच निरुपद्रवी असते असेही नाही, काही रुग्णांत गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत.) एवढे एका ओळीत छापले असते, तर लाल अक्षरांतला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून घरचे धास्तावले नसते.

दर परवडणारे, अहवाल सांगितलेल्या दिवशी व्हॉट्सॲपवर. १२ आठवड्यांनंतरची चाचणीही येथेच करू; तापाची तारीख मात्र अर्जावर स्वतःच लिहून देऊ.