छातीतल्या पाण्याची तपासणी : विश्रामबाग, सांगलीच्या एका लॅबचा अनुभव

आईच्या उजव्या छातीत पाणी झालं होतं. पहिल्यांदा तपासलं ते दुसरीकडे. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत असा रिपोर्ट आला आणि आम्ही तासगावला येऊन देवापुढं साखर ठेवली. महिन्याभरात पाणी परत भरलं. कॅन्सरमुळं पाणी झालेल्या १०० पैकी साधारण ६० जणांचाच कॅन्सर पहिल्या पाण्यात सापडतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी या लॅबमध्ये गेलो. माझ्या हातात १० मिलीची सिरिंज. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, एवढ्यात भागणार नाही, ५०-६० मिली तरी पाहिजे." नुसतं बोलून थांबल्या नाहीत. वॉर्डात दीड लिटर लालसर पाणी काढलेलं होतं, ते फेकायच्या आत फोन करून त्यांनी थांबवलं. मी धावत जाऊन बाटली आणली.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. पाणी मशीनमध्ये फिरवून खाली बसलेला साका काचेवर पसरतात, काही काचा लगेच अल्कोहोलमध्ये, काही वाळवून, मग रंग. मला निळे-जांभळे गोल पुंजके दिसले. "फुप्फुसाच्या आवरणाच्या पेशीसुद्धा सुजल्या की अशाच दिसतात," त्या म्हणाल्या. मी तीनदा विचारलं, आहे की नाही? "ब्लॉक बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही." त्या वेळी जीव टांगणीला लागला होता, पण याच एका वाक्यासाठी मी पाच तारे देतोय.

उरलेला साका मेणात बसवून सेल ब्लॉक केला, त्याचे काप खास रंगांसाठी पुण्याला पाठवले. टीटीएफ-१ (फुप्फुसाच्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह, कॅलरेटिनिन (आवरणाच्या पेशींची खूण) निगेटिव्ह. म्हणजे पेशी आवरणाच्या नव्हत्या; फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार. आईनं जन्मात मिशरीसुद्धा लावलेली नाही. त्याच ब्लॉकमधून ईजीएफआर या जनुकाची तपासणी झाली, त्यात बदल सापडला, आता त्यावरची रोज एक गोळी चालू आहे. त्यासाठी छातीत पुन्हा सुई घालावी लागली नाही.

तक्रार एकच. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि दुपारी फोन कुणी उचलत नाही. पुण्याहून यायला वेळ लागतो एवढं आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं, ते पाच दिवस आम्ही कसे काढले आमचं आम्हाला माहीत.

पाणी काढायच्या आधीच लॅबला फोन करून किती लागेल ते विचारा. सकाळी अकराच्या आत गेलात तर मॅडम स्वतः भेटतात.